अठरा खोल्यांची शाळा

अमेरिकेतली चार्टर शाळा मराठी माणसाला समजावून सांगायची तर आपल्याकडच्या अनुदानित खाजगी शाळेपासून सुरुवात करावी. पैसा सरकारचा, कारभार संस्थेचा. फी घ्यायची नाही, प्रवेश परीक्षा घ्यायची नाही, जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर लॉटरी काढायची. अभ्यासक्रम, वेळापत्रक, शिक्षकांची निवड यात बरीच मोकळीक मिळते आणि त्या बदल्यात संस्था सरकारशी मुदतीचा करार करते. मुदत संपली की निकाल, हिशेब, पटसंख्या सगळं तपासलं जातं, आणि करार पुढे चालू राहतो किंवा शाळेला टाळं लागतं. मिनेसोटाने १९९१ साली असा पहिला कायदा केला. न्यू जर्सीचा कायदा १९९५ चा. तिथे पहिला करार चार वर्षांचा असतो, नूतनीकरण पाच वर्षांचं.

न्यू जर्सीच्या कायद्यात एक मेख आहे. स्थानिक शाळा-जिल्ह्याकडून मुलामागे जी मुख्य रक्कम येते ती जिल्ह्याच्या रकमेच्या ९० टक्के. आणि केंद्राचा पैसा सोडला तर कुठल्याही सार्वजनिक पैशातून चार्टर शाळेने इमारत बांधायची नाही. म्हणजे भाडं जायचं ते मुलांना शिकवायच्या पैशातूनच. म्हणून नवी शाळा काढायला निघालेली मंडळं जागा धुंडाळत फिरतात. चर्चने बंद केलेली शाळा, ऑफिस पार्कमधली इमारत, सुपरमार्केट उठून गेलेलं दुकान.

पुढचे दोघे अशाच एका मंडळातले. दोघंही मी घडवलेली आहेत. त्यांची भांडणं मात्र अशा प्रत्येक मंडळात होतात. मावशी मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या, न्यू जर्सीच्या सरकारी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, शिक्षक संघटनेच्या जुन्या सभासद. निखिल एका औषध कंपनीत प्रकल्पांचे हिशेब सांभाळतो. मावशी त्याच्या आईची मैत्रीण, त्यामुळे वाद कितीही पेटला तरी तो ‘तुम्ही’च म्हणतो आणि त्या ‘अरे’वरून खाली उतरत नाहीत. दोघांसमोर नकाशा आहे एका जुन्या गिरणगावातल्या बंद कॅथलिक शाळेचा. दोन मजले, प्रत्येकावर नऊ खोल्या, तळघरात सभागृह, लिफ्ट नाही.

निखिल : मावशी, गणित फार छान बसलंय. केजीपासून आठवीपर्यंत नऊ इयत्ता, प्रत्येकीच्या दोन तुकड्या. अठरा वर्ग, अठरा खोल्या. वर्गात वीस मुलं धरली तर शाळा भरल्यावर ३६०. पहिल्या वर्षी फक्त केजी, पहिली आणि दुसरी, म्हणजे १२० मुलं. मग दर वर्षी वर एक इयत्ता. सातव्या वर्षी आठवी.

मावशी : छान. नर्स कुठे बसणार?

निखिल : नर्स?

मावशी : नर्स. स्पीच थेरपिस्ट. चाइल्ड स्टडी टीमची तीन माणसं, म्हणजे सायकॉलॉजिस्ट, लर्निंग कन्सल्टंट आणि सोशल वर्कर. वाचनात मागे पडलेल्या चार पोरांना घेऊन बसणारी रिसोर्स रूमची बाई. चित्रकलेचे सर आणि त्यांचे रंग. शिक्षकांना डबा खायला जागा. अठरा खोल्यांत तुझे अठरा वर्ग बसले रे, पण शाळा कुठे बसली?

निखिल : चाइल्ड स्टडी टीम कराराने घेता येते. आठवड्यातून दोन दिवस येतील.

मावशी : येतील की. आणि कॉरिडॉरमध्ये खुर्ची टाकून बसतील. मी पाहिलंय. अडखळत बोलणाऱ्या पोराची स्पीच थेरपी जिन्याखाली चालू, आणि बाजूने पाचवीचा अख्खा वर्ग रांगेत बाथरूमला चाललाय. ते पोर तोंड उघडेल?

निखिल : कायदा माहितीये मला. आपण सार्वजनिक शाळा आहोत, कुठल्याही अपंग मुलाला ‘आमच्याकडे सोय नाही’ असं म्हणता येत नाही. आणि एखाद्या मुलाला खास खाजगी शाळेतच पाठवावं लागलं तर तो खर्च जिल्ह्याकडे राहतो, आपल्यावर येत नाही.

मावशी : तिथेच तर मोह आहे. ‘नाही’ कुणीच म्हणत नाही. आई येते, जिन्याखालची खुर्ची बघते, ‘विचार करून सांगते’ म्हणते आणि पोराला परत जिल्ह्याच्या शाळेत घालते. तुझ्या कागदावर लॉटरी अगदी निर्मळ. ज्याला जायचं होतं तो आपणहून गेला.

न्यू जर्सीचा कायदा चार्टर शाळेकडून एक अपेक्षा स्पष्ट शब्दांत करतो. गावात शाळेच्या वयाची जशी मुलं आहेत, वंशाने आणि अभ्यासातल्या गतीने जशी ती वेगवेगळी आहेत, तशीच ती होईल तितकी शाळेत यावीत. ही अपेक्षा प्रवेशाच्या नियमांवर तपासली जाते. फ्लोअर प्लॅन समोर ठेवून ती कुणी तपासत असेल असं मला वाटत नाही. मावशींचं म्हणणं मला पटतं ते इथे. कोणती मुलं टिकणार हे पुष्कळदा लीजवर सही होते त्या दिवशी ठरतं, आणि सही करणाऱ्यांना आपण काही ठरवलं याचा पत्ताही नसतो.

निखिल मात्र वेगळ्या भीतीने पछाडलेला आहे, आणि ती भीती खोटी नाही.

निखिल : मावशी, शाळा बुडतात त्या जिमखाना नव्हता म्हणून नाही. भाड्याने बुडतात. ही इमारत २४,००० चौरस फुटांची. पूर्ण घेतली तर पहिल्या वर्षी १२० मुलं, म्हणजे दर मुलामागे २०० चौरस फुटांचं भाडं. चौथ्या वर्षी २४० मुलं झाली की तेच १०० वर येतं. म्हणजे पहिल्या वर्षीचं मूल चौथ्या वर्षीच्या मुलापेक्षा दुप्पट भाडं भरतंय, आणि ते जातंय त्याच्या शिक्षकाच्या पगारातून. त्यात लीज ट्रिपल नेट. टॅक्स, विमा, डागडुजी सगळं आपल्या गळ्यात. जानेवारीत बॉयलर बसला तर तो आपला.

मावशी : मग मजल्याप्रमाणे भाडं माग. पहिल्या वर्षी तळमजला आणि तळघर. वरचा मजला लागेल तसा.

निखिल : मागितलं. त्यांना दहा वर्षांचं लीज हवंय.

मावशी : आणि आपलं चार्टर चार वर्षांचं.

निखिल : ‘चार्टर गेलं तर लीज संपलं’ असं कलम घातलंय मी. घरमालक त्यावर अजून बोलला नाही. म्हणून सांगतो, इमारतीत जीव अडकवू नका. आधी शिकवायचं काय ते ठरवू, चार भिंती कुठल्याही चालतील. सेंट पॉलची सिटी अकॅडमी, देशातली पहिली चार्टर शाळा, १९९२ साली महापालिकेच्या रिक्रिएशन सेंटरमध्ये सुरू झाली. आणि त्याच सेंट पॉलमध्ये ह्माँग कॉलेज प्रेप अकॅडमीचं काय झालं? चांगली चाललेली शाळा. नवी इमारत हवी, त्यासाठी पैसा वाढवायचा, म्हणून २०१९ मध्ये ५० लाख डॉलर हेज फंडात घातले. ४३ लाख बुडाले. इमारतीच्या हौसेपायी.

मावशी : हेज फंडाच्या हौसेपायी म्हण. इमारतीचा काय दोष त्यात?

निखिल : इमारत नको असती तर फंड लागला असता का?

इथे निखिलने डाव जिंकला असं मी मानतो. मावशींनी चहा ओतून घेतला.

मावशी : बरं. तुझ्या शिकवण्याकडे येऊ. काय ठरवलंयस?

निखिल : मोठा दिवस. आठ ते पाच. किप ही चार्टर शाळांची साखळी ह्यूस्टनमध्ये १९९४ ला सुरू झाली, तिचा जोर त्याच्यावरच होता, जास्त तास. रोज दीड तास गणित, दोन तास वाचन-लेखन, दुपारी रोबॉटिक्स. वरच्या मजल्यावर एक मेकर लॅब, मुलांनी हाताने वस्तू बनवायची. आणि शिक्षकांना रोज तासभर एकत्र बसून उद्याचा धडा आखायला.

मावशी : शेवटचं फार आवडलं. चार्टरची कल्पना १९८८ साली लोकांपुढे कुणी मांडली ठाऊक आहे ना? अल्बर्ट शँकर. आमच्या संघटनेचा नव्हे, दुसऱ्या संघटनेचा, अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्सचा अध्यक्ष. शिक्षकांना नवे प्रयोग करायला जागा मिळावी म्हणून. पाच-सहा वर्षांत त्यालाच ती चळवळ ओळखू येईना, आणि तो तिच्या विरोधात बोलायला लागला.

निखिल : तुम्हीही विरोधातच होता की.

मावशी : अजूनही अर्धी आहे. एका पोराबरोबर जिल्ह्याची नव्वद टक्के रक्कम इकडे येते. पण जिल्ह्याच्या वर्गात एकोणीस पोरं उरली म्हणून बाईंचा पगार कमी होत नाही, की बॉयलर कमी तापत नाही. मी आले मंडळात, कारण तुम्ही काढणारच होतात; मग धड काढा. पण चार्टर म्हणजे चांगलं असं समजू नकोस. २००९ मध्ये स्टॅनफर्डच्या क्रेडो केंद्राने पाहणी केली. गणितात जवळच्या सरकारी शाळांपेक्षा सरस निघाल्या १७ टक्के चार्टर शाळा. ३७ टक्के उलट मागे.

निखिल : आणि २०२३ चा त्यांचाच अहवाल? सरासरीने वाचनात १६ दिवसांच्या शिकण्याइतकी आघाडी, गणितात ६ दिवसांची.

मावशी : सहा दिवस! त्यासाठी पोरांना पाचपर्यंत बसवायचं?

निखिल : सरासरी आहे मावशी. ऑनलाइन चार्टर शाळांनी ती खाली ओढलीय. शहरांमधल्या चांगल्या शाळा पुष्कळ पुढे आहेत.

मावशी : असतील. मी दुसरंच विचारते. पाचला सुटलेली पोरं घरी जाणार कशी?

निखिल : जिल्ह्याची बस. कायदाच आहे.

मावशी : कायदा नीट वाच. जिल्ह्याच्या पोरांना ज्या अटींवर बस मिळते, त्याच अटींवर आपल्या पोरांना. आठवीपर्यंतच्या पोराचं घर दोन मैलांहून लांब असेल तर बस. पावणेदोन मैलांवरच्या सहा वर्षांच्या पोराला नाही. आणि बसा सुटतात जिल्ह्याच्या वेळेला, तीनच्या सुमाराला. तुझी शाळा पाचला.

निखिल : पालक येतील न्यायला.

मावशी : कुठले पालक? ज्यांच्याकडे गाडी आहे आणि ज्यांना साहेब पावणेपाचला सोडतो, ते. गोदामात दुसऱ्या पाळीला जाणारी आई येईल? तुझ्या मोठ्या दिवसाची जिला सगळ्यात गरज, तिचंच पोर पहिलं गळणार.

निखिल : आणि गाड्या आल्या तर तो वेगळाच ताप. झोनिंग बोर्डापुढे शेजारी तेवढ्यावरच बोलणार. एका गाडीला वीस फूट धरले तर पन्नास गाड्यांची रांग हजार फूट जाते. आपल्या इमारतीसमोरचा रस्ता संपून चौक अडतो. हे मी आधीच मोजलंय.

मावशी : बघ, गाड्या मोजल्यास. बसची पोरं मोजली नाहीस.

निखिल गप्प बसला नाही. त्याने आकडे काढले. आठवड्यातून दोन दिवस लांबवायचे, त्या दिवशी साडेचारला आपली भाड्याची बस सोडायची, त्यासाठी रोबॉटिक्सच्या सामानाची निम्मी रक्कम वळवायची. मावशी म्हणाल्या तीन दिवस. तो म्हणाला, दोन. हा सौदा दोनवर मिटला. माझ्या मते दोन दिवस आणि बस हे पाच दिवस आणि बस नाही याच्यापेक्षा कितीतरी बरं. पण अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याला ‘मोठा दिवस’ हे शब्द दिसायला हवेत हे निखिलचं म्हणणंही व्यवहाराचं होतं.

भाषेचा विषय त्यांनी पाच मिनिटांत आटोपला. मंडळातल्या एका गृहस्थांना वाटत होतं की मराठी शिकवावी. ईस्ट ब्रन्सविकला २०१० पासून हिब्रू शिकवणारी चार्टर शाळा चालते, मग आपण का नाही? मावशींनी विचारलं, त्या गिरणगावात मराठी घरं किती? स्पॅनिश बोलणारी किती? विषय मिटला. गणपतीच्या मूर्तीची सूचना तर त्यांनी कागदावरच येऊ दिली नाही. सार्वजनिक शाळेत धर्म आणता येत नाही. ओक्लाहोमात कॅथलिक चार्टर शाळा काढायचा प्रयत्न झाला, तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो अडवला, आणि २०२५ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार अशी मतं पडून तो निकाल तसाच राहिला. मराठीसाठी रविवारची शाळा आहेच.

मग स्वयंपाकघर निघालं, आणि संध्याकाळ त्यातच गेली.

निखिल : जेवण बाहेरून येईल. ठेकेदार ट्रे घेऊन येतो, आपण गरम करून वाढतो. शाळेतल्या जेवणाची केंद्राची योजना १९४६ पासून आहे, दर जेवणामागे पैसे परत मिळतात. आपल्याला लागतो फ्रिज, गरम ठेवायचं कपाट, तीन कप्प्यांचं सिंक आणि हात धुवायचं वेगळं बेसिन. पूर्ण स्वयंपाकघर म्हणजे धूर खेचायची चिमणी, ग्रीस ट्रॅप, आग विझवायची वेगळी यंत्रणा. परवडत नाही.

मावशी : तळघरात चर्चचं जुनं स्वयंपाकघर आहे.

निखिल : आहे, पण आजच्या नियमांत बसवायला त्याच्यावर जेवढा खर्च होईल तेवढ्यात एक शिक्षक वर्षभर ठेवता येईल.

मावशी : तू भाऊराव पाटलांचं नाव ऐकलंयस ना?

निखिल : रयत शिक्षण संस्था. १९१९. तुम्ही रयतच्याच शाळेत होता.

मावशी : काले गावात संस्था निघाली. पण ज्याच्यामुळे ती रयत झाली ते काय होतं? साताऱ्यातलं वसतिगृह, १९२४ चं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत. १९२७ ला गांधीजी येऊन गेले तिथे. शिकायला पोरं गावातल्या दुसऱ्या शाळांमध्येच जायची. भाऊरावांनी आधी त्यांच्या जेवायची व्यवस्था केली, स्वतःच्या शाळांचं जाळं पुढे उभं राहिलं. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा, ते पोरांच्या धान्यासाठी. इमारतीसाठी नव्हे, ऐकतोयस ना?

निखिल : ऐकतोय. पण मावशी, लक्ष्मीबाईंना ऑडिट द्यावं लागत नव्हतं. आपल्याला दर महिन्याला मंडळापुढे हिशेब ठेवायचाय. आणि इथल्या पोरांना ठेकेदाराचं का होईना, पण रोज गरम जेवण मिळणार आहे. ज्यांच्या घरचं उत्पन्न कमी त्यांना फुकट. पंगत तर तीच आहे.

मावशी : पंगत कुठे आहे? तुझ्या आराखड्यात पोरं वर्गातच ट्रे घेऊन जेवतात.

निखिल : कारण तळघराचं सभागृह म्हणजे जिमही तेच, नाटकाचा रंगमंचही तेच, जेवणाची जागाही तेच. कॅफेटोरियम म्हणतात त्याला. टेबलं मांडायला वीस मिनिटं, उचलायला वीस. दोन पंगती केल्या तर पीटीचे तास कुठे घालू?

मावशी : सकाळी घाल. दुपारी पंगत. टेबलं भिंतीत दुमडणारी घे.

निखिल : ती महाग असतात.

मावशी : शिक्षकापेक्षा स्वस्त.

मावशींनी स्वयंपाकघर सोडलं, पंगत सोडली नाही. मला वाटतं त्यांना सुरुवातीपासून पंगतच हवी होती. स्वयंपाकघर मागितलं ते घासाघीस करायला. शिक्षक संघटनेत वर्षं काढलेली बाई.

अनुदानाची तुलना मी सुरुवातीला केली, ती या जागी जास्त नेमकी बसते. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत शिक्षकाचा पगार सरकारने दिला आणि इमारत गावाने उभी केली. जमीन कुणी दिली, पत्रे कुणी दिले, कुणी अंगमेहनत केली. न्यू जर्सीचा कायदाही इमारतीची जबाबदारी समाजावरच टाकतो. फरक असा की त्या गिरणगावात जमीन देणारा पाटील नाही. आहे तो घरमालक, आणि त्याला दहा वर्षांचं लीज हवंय.

निखिल : अजून एक. खोलीत मुलं वाढवता येतील का? एक खोली ७५० चौरस फुटांची आहे. इमारतीच्या नियमावलीत वर्गासाठी माणशी २० चौरस फूट धरतात. म्हणजे ३७ माणसं. आपण वीसच बसवतोय. पंचवीस केली तर खोल्या वाचतात.

मावशी : ते वीस चौरस फूट कशासाठी आहेत?

निखिल : दारांची रुंदी ठरवायला. आग लागली तर किती माणसं बाहेर पडणार त्याच्या हिशेबासाठी.

मावशी : म्हणजे पळून जायला पुरेल एवढी जागा. शिकायला किती लागते ते त्या पुस्तकात नाही. केजीच्या वर्गात पोरं जमिनीवर लोळतात, ठोकळे मांडतात, एका कोपऱ्यात वाळूची पेटी असते. ७५० फुटांत वीस पोरं आणि दोन बाया म्हणजे आत्ताच दाटी आहे. आणि आगीचं निघालंच म्हणून सांगते. १ डिसेंबर १९५८, शिकागो, अवर लेडी ऑफ द एंजल्स. अशीच कॅथलिक शाळा, अशीच दोन मजली. ९२ पोरं गेली, ३ नन गेल्या. वरच्या मजल्यावर कॉरिडॉरमध्ये धूर, जिन्याला तिथे दार नाही. आणि तपासणीत ती शाळा पास होती रे. जुनी इमारत, म्हणून नवे नियम तिला लागू नव्हते.

निखिल : आपल्याला लागतील. वापर बदलला किंवा नव्याने सुरू झाला की शिक्षणासाठीचं ऑक्युपन्सी सर्टिफिकेट नव्याने घ्यावं लागतं. ते, आगीची तपासणी आणि आरोग्य खात्याची तपासणी, हे तीन कागद आल्याशिवाय राज्य आपल्याला सप्टेंबरमध्ये दार उघडू देणार नाही. स्प्रिंकलरचे पैसे बजेटमध्ये आहेत. ॲसबेस्टॉसच्या तपासणीचे आहेत. शिशाच्या रंगाचे आहेत.

मावशी : हे चांगलं केलंस.

निखिल : म्हणूनच मेकर लॅबला कमी पडले.

मावशी : असू दे. मग आता मुख्य सांग. अठरा खोल्यांत नऊ इयत्ता बसत नाहीत, हे कबूल?

निखिल : कबूल. पण आठवीपर्यंत शाळा हवी हे पालकांना सांगून सह्या घेतल्यात.

मावशी : चार वर्षांच्या चार्टरमध्ये तू कुठवर पोचतोस?

निखिल : केजी ते दुसरीने सुरुवात. चौथ्या वर्षी पाचवी.

मावशी : किती वर्ग?

निखिल : बारा. सहा खोल्या उरतात.

मावशी : मग अर्ज पाचवीपर्यंतचाच कर. सहावीचं आश्वासन नूतनीकरणाच्या वेळी, आणि तेव्हा दुसरी जागा हातात असेल तरच. पालकांना आपण दोघं जाऊन सांगू.

निखिलने बराच वेळ उत्तर दिलं नाही. हा अर्ज पाचवीपर्यंतचा झाला म्हणजे सहावी ते आठवीचं विज्ञान गेलं आणि रोबॉटिक्सच्या स्पर्धा गेल्या. तो ज्या शाळेसाठी मंडळात आला होता तिचा वरचा तिसरा भाग गेला. ‘चार भिंती कुठल्याही चालतील’ म्हणणाऱ्याला भिंतींनीच इयत्ता ठरवून दिल्या होत्या. मावशींनी हे बोलून दाखवलं नाही, आणि मीही तिथे असतो तर दाखवलं नसतं.

निखिल : ठीक. पण मग तळमजल्याच्या नऊ खोल्या मी मांडतो, तुम्ही मध्ये बोलू नका. केजीच्या दोन, पहिलीच्या दोन, खालीच, दारांच्या पातळीला. चार झाल्या. दाराशेजारी ऑफिस, पाच. नर्स, सहा. रिसोर्स रूम, सात. स्पीच आणि चाइल्ड स्टडी टीम, आठ. नववी मेकर लॅब. मुलं रोज येता-जाता काचेतून बघतील, बाहेरून आलेले पालक बघतील. एवढी एक गोष्ट मला द्या.

मावशी : लिफ्ट नाही.

निखिल : माहितीये. जुन्या इमारतीत कायदा प्रत्येक खोली गाठता यायला हवी असं म्हणत नाही. शिक्षणाचा कार्यक्रम गाठता आला पाहिजे. व्हीलचेअरवरचं मूल तिसरीत गेलं तर तिसरीचा तो वर्ग खाली आणायचा.

मावशी : कुठल्या खोलीत?

निखिल : तेव्हा बघू.

मावशी : तेव्हा नऊच्या नऊ भरलेल्या असतील. मग तू नर्सला हलवशील, नर्स स्पीचला हलवेल, आणि स्पीच जिन्याखाली.

निखिल : मग ऑफिस वर नेतो.

मावशी : दाराशी कुणी बसायला नको? कोणीही आत येईल.

निखिल : टेबल आणि एक माणूस दाराशी. बाकीचं ऑफिस वर. मुख्याध्यापकांची खोलीही वर. म्हणजे एक खोली सुटली, ती रिकामी ठेवतो, तुमच्या तिसरीसाठी. लॅब खालीच राहील.

मावशी : रिकामी खोली मंडळाला दिसली की कुणीतरी कपाटं नेऊन ठेवतं.

निखिल : नकाशावर नाव लिहू तिचं.

मावशी : नाव नको, अट लिही. अर्जातच. आणि लॅबची टेबलं चाकांची घे. त्यांची किंमत आत्ता काढ, उद्याच्या बैठकीत मी विचारणार आहे.